अकरा नंबरची डबी

ठकीनं यादीवर तिसऱ्यांदा बोट फिरवलं. तिसऱ्यांदाही तेच. बेड नंबर अकरा, साधी पूड.

ठकी हॉस्पिटलची औषधखोली सांभाळायची आणि ती यादी फक्त तिच्या कपाटात असायची. कॅन्सरमध्ये माणसाच्या अंगावरचं मांस आणि चरबी झडत जाते, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यावर एका मुळीच्या अर्काचा काही उपयोग होतो का, हे आठ आठवडे पाहायचं ठरलं होतं. निम्म्या रोग्यांना अर्काच्या कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण आत नुसती पूड. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

आणि अकरा नंबरच्या बेडवर ठकीचा सख्खा दादा होता.

तीस वर्षं बस चालवलेला धिप्पाड गडी. आता मनगटावरचं घड्याळ पार कोपरापर्यंत घसरायचं. आईबाप गेले तेव्हा ठकी नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालायला तो शेजारणीकडून शिकला होता. वेण्या कायम वाकड्या यायच्या, ती गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात एका रोग्यानं मधूनच नाव काढून घेतलं आणि तो घरी गेला. त्याची पुढच्या सगळ्या आठवड्यांची अर्काची डबी तशीच राहिली. कुणाच्या तोंडचा घास तर काढत नाही ना आपण, असं ठकीनं मनाला समजावलं आणि डबी एप्रनच्या खिशात टाकली. नोकरी जाईल, हे तिला पक्कं माहीत होतं.

"दादा, सिस्टर देतात त्या गोळ्या राहू दे. मी देईन त्या घे."

"का गं? त्यांच्यात काय खोट आहे?"

"प्रश्न नको विचारूस. ऐक माझं."

दादानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याची नजर शेजारच्या बारा नंबरच्या बेडकडे वळली. तिथं एक शिंपी पडलेला होता, पस्तिशीचा, नुसता सापळा. त्याची सहा वर्षांची पोर संध्याकाळी येऊन त्याच्या पायथ्याशी बसायची.

"आणि याच्या गोळ्या?" दादानं हळूच विचारलं.

"त्याचं मला काय माहीत?" ठकी म्हणाली आणि तिनं नाक चोळलं. शिंप्याच्या वाट्यालाही पूडच आली होती.

"बरं," दादा म्हणाला. "ठेव उशाशी. जेवल्यावर घेतो."

त्या दिवसापासून दादा जेवायला लागला. आधी दोन घासांत तोंड फिरवणारा माणूस ठकीचा डबा चाटूनपुसून रिकामा करायचा. डोळ्यांत पाणी यायचं, ओठ मिटून घास गिळायचा, पण डबा परत पाठवायचा नाही.

"जबरदस्तीनं नको रे खाऊस."

"जबरदस्ती कसली? तुझ्या गोळ्यांचा गुण आहे, ठके!"

चौथ्या आठवड्यात काटा दीड किलोनं पुढं सरकला. ठकी औषधखोलीत जाऊन पोटभर रडली.

शिंप्यालाही जरा हुशारी आली होती. हसरं माणूस शेजारी असलं की येतेच, असं ठकीला वाटलं. दर सोमवारी सिस्टर टेप घेऊन दंड मोजायला यायच्या. "जन्मभर मी लोकांची मापं घेतली, आता माझं घेतात!" असं म्हणत तो हात पुढं करायचा. दादा ओरडायचा, "सिस्टर, शिलाई सोडून मोजा!" अख्खा वॉर्ड हसायचा.

आठ आठवडे संपले. सगळ्यांचं रक्त तपासून आलं आणि म्हाताऱ्या डॉक्टरांनी यादी उघडायला ठकीला बोलावलं. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दादाच्या रक्तात अर्क सापडणार आणि आपली चोरी उघडी पडणार. त्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं.

"डॉक्टर, मला काही सांगायचंय."

"थांबा, आधी हे संपवू. अकरा नंबर?"

"साधी पूड," ठकी कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर खूण केली. "बरोबर. रक्तात अर्काचा मागमूस नाही. तुमचे बंधू नुसत्या तुमच्या हातच्या डब्यावर सावरले, बाई. कौतुक आहे."

"नीट बघा, डॉक्टर. काहीतरी चुकलं असेल."

"दोनदा तपासून घेतलंय. चुकलंय ते दुसरीकडेच." डॉक्टरांनी चष्मा काढला. "बारा नंबरलासुद्धा साधी पूडच होती ना? मग त्या शिंप्याच्या रक्तात एवढा अर्क आला कुठून?"