सोनेरी कडांचं बायबल

चर्चच्या वर्गात पाळकसाहेबांनी बायबलच्या नव्या करारातलं लूकचं शुभवर्तमान काढायला सांगितलं, तर लेक ते जुन्या करारात शोधत बसली. मुलं फिदीफिदी हसली. आई तिला न्यायला आली होती आणि दारातच उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पाऊल टाकताच तिनं चपला भिरकावल्या आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"दर रविवारी तुला तिथं पाठवते, ते काय माशा मारायला? चारचौघांत नाक कापलंस माझं! त्या संडे स्कूलच्या बाई तरी काय दिवे लावतात, देव जाणे! आणि तुझ्या हातात सारखा तो मेला मोबाईल! माझ्या आईनं लग्नात दिलेलं एवढं मोठं बायबल घरात आहे, ते कधी दिसलं नाही तुला?"

"दिसतं ना. पण हात लावला की तू फटका देतेस," लेक पुटपुटली.

"उलट बोलू नकोस!"

आईनं शोकेसचं कुलूप काढलं. दर शनिवारी मऊ फडक्यानं पुसायची ते जाडजूड बायबल तिनं लेकीपुढे आदळलं.

"काढ लूक! आत्ता, माझ्यासमोर!"

लेकीनं पान उलटायला बोट घातलं, पण पान सुटेना.

"एवढंही जमत नाही?" आईनं बायबल तिच्या हातातून हिसकावून घेतलं.

कडांच्या सोनेरी मुलाम्यानं सगळी पानं एकमेकांना चिकटलेली होती, नव्याकोऱ्या बायबलाची असतात तशी.