आभारप्रदर्शन

पाहुण्यांनी सभा जिंकली आणि कुमुदताई आभार मानायला उठल्या. व्याख्यानमालेत एकवीस वर्षं त्यांच्या वाट्याला हेच आलं होतं. त्या उठल्या की लोकही उठत. आजही सगळे दाराशी चपला शोधू लागले, तेव्हा “सर्वांचे आभार” एवढंच म्हणून त्यांनी वैतागून यादी पर्समध्ये कोंबली.

“ताई, माझं नाव राहिलं,” वायर गुंडाळणारा माईकवाला म्हणाला.

“ऐकायला आहे कोण, भाऊ?”

“मी आहे ना. दरवर्षी त्याचीच वाट बघतो. स्टेजवरून माझं नाव दुसरं कोण घेतंय?”

ताईंनी यादी काढली, सुरकुत्या सारख्या केल्या. त्याने वायर पुन्हा जोडली.

रिकाम्या सभागृहात त्यांचा आवाज खणखणला, “ध्वनिव्यवस्था सांभाळणारे श्रीयुत हणमंत विठोबा लोंढे!”

हणमंतरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खुर्च्यांना वाकून नमस्कार केला.