पेट्रोल कुठं मुरतं?

पेट्रोलचा काटा पुन्हा खाली आलेला पाहून विश्राम भडकला. जुन्या गाडीचा किलोमीटरचा मीटर केव्हाच बंद पडला होता. बायको रेवती किती फिरते हे कळायला त्याच्याकडे तेवढा एकच काटा होता.

“घर आणि इचलकरंजीचं कॉलेज, एवढ्यात टाकी रिकामी होते? की तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या त्या सबनीस सरांना फिरवून आणतेस?”

रेवतीनं त्याला शेजारी बसवून गाडी थेट गॅरेजला नेली.

मेकॅनिकनं गाडी जॅकवर उचलली आणि मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. ते जेमतेम हललं.

“ब्रेक दाबल्यावर परत सुटतच नाहीत, साहेब. अडकलेल्या ब्रेकवर गाडी पळतेय. पेट्रोल पिणारच की!”

संध्याकाळी दुरुस्त झालेली गाडी अलगद पळू लागली. विश्रामला इतकं हलकं वाटलं, की परतताना तो गाणं गुणगुणत होता.

“चला, मिटलं एकदाचं,” तो म्हणाला.

रेवतीनं गाडी दारात उभी केली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

“उद्यापासून मी बसनं जाईन. तिकिटं रोज जपून आणीन, तपासून घेत जा.”