इस्त्रीची चादर

राजेंद्र नगरच्या मैदानात आमचं स्काउट-गाइड पथक सकाळपासून सावधान उभं होतं. प्रमुख पाहुणे महूहून निघाले होते. सकाळी निघाले होते, ऊन डोक्यावर आलं तेव्हाही निघालेलेच होते. त्यांना आम्ही प्रथमोपचार दाखवणार होतो. यशवर्धन चक्कर येऊन पडणार आणि आम्ही दोन लाठ्या नि एका चादरीचं स्ट्रेचर करून त्याला उचलणार.

तेवढ्यात रांगेतली शमिका चक्कर येऊन पडली. खरोखरची.

मी आणि स्वानंद लाठ्या-चादर घेऊन धावलो. लक्ष्मीकांत सर आमच्याहून जोरात धावले.

"अरे भिया, रुको! बेहोशी स्वागतगीतानंतर आहे!"

"सर, ही खरंच पडलीये."

"पण पेशंट यश आहे ना? आणि चादर ठेवा आधी, इस्त्रीची आहे, चुरगळेल. हिला मंडपामागे न्या, पाहुण्यांची गाडी येतेच आहे."

महिनाभर शिकलेलं सगळं बाजूला ठेवून आम्ही तिला गोणीसारखं उचलून नेलं. टेबलावरची पाण्याची बाटली पाहुण्यांची होती. आम्ही तिचं सील फोडून शमिकाच्या तोंडावर पाणी मारलं. तिने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "आले का?"

आले. हार झाले, स्वागतगीत झालं. सरांनी शिट्टी वाजवली. यश ताठ उभा. पुन्हा शिट्टी. यश ताठच.

"यश, गिर ना!" सर दातांतल्या दातांत म्हणाले.

यशने तीन बोटांचा सॅल्यूट ठोकला आणि पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नको सर. चादर चुरगळेल."