हरण्याला आवतण

"स्पॅनिशमध्ये याला एक शब्द आहे, पप्पा," हर्षाली म्हणाली. "सिमारॉन. पाळीव जनावर सुटून रानात गेलं आणि रानटी झालं, की सिमारॉन."

"मराठीत डोक्याला ताप म्हणतात," अमोल म्हणाला.

"पळून रानात राहिलेल्या माणसालाही तोच शब्द."

अमोलने समोरच्या झाडीकडे पाहिलं. "दोघांत एक. परवडतं."

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रामागे वेड्या बाभळींचं रान आहे. ट्रॅक्टर आल्यावर अमोलने हरण्या बैल विकला. टेम्पोत चढवताना हरण्याने कासरा तोडला आणि या रानात शिरला. त्याला आणायला अमोलचे वडील चिमाजी गेले. ही श्रावणाच्या आधीची गोष्ट. अजून आणताहेत.

आज पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलाचे खांदे हळद-तुपाने मळून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं असतं. म्हणून चिमाजींची बायको भागुबाई वाटी घेऊन आली होती आणि अमोल नवा कासरा. खांदा मळून घ्यायला बैल थांबेल, तेव्हा बांधायचा. बैल निघाला की वडील मागे येतील. योजनेत खोट नव्हती.

हरण्या बाहेर आला. मागून चिमाजी. दोघांचंही वजन वाढलं होतं.

अमोलने कासरा पाठीमागे लपवला. ते बैलाने पाहिलं, चिमाजींनीही. दोघं एकदमच एक पाऊल मागे सरले.

"नाना, घरी चला. लोक विचारतात."

"काय सांगतो?"

"सटाण्याला गेलेत, कांदे बघायला."

"बरं हाय. तेच सांगत जा."

भागुबाई पुढे झाली. तिने हरण्याचा खांदा मळला. मग वळून चिमाजींच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि त्यांचाही मळला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," ती दोघांना म्हणाली.

"येतो की. पण जेवून परत. बांधायचं नाय."

"मी काय बांधती? मीच खुंट्याला हाय."

चिमाजींनी विचार केला. तिच्या हातातली वाटी घेतली, उरलेली हळद दोन बोटांनी निपटली आणि पदरावरूनच तिच्या खांद्याला लावली.

"आज आवतण घे," ते म्हणाले.

भागुबाईने पदराकडे पाहिलं. डाग जाणारा नव्हता.

"चुलीला दगड हायत का?"

"लय."

तिघं बाभळींत शिरली. बैल पुढे होता.

कासरा अमोलच्या हातातच राहिला. त्याने हर्षालीकडे पाहिलं. ती खाली बसून बुटाच्या नाड्या घट्ट करत होती.