गोधड्यांचं कापड

आबाजींच्या बायकोला, मंजुळाबाईला, जाऊन वर्ष झालं होतं. तिची लुगडीही गेली, हे आबाजींना कळलं भर दुपारी, थेरगावच्या गोदामात. घरात मावेना ते सामान त्यांनी तिथं भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं.

"काका, जुनं कापड आम्ही फेकत नाही," गोदाम सांभाळणारी तेजस्विनी हसून म्हणाली. "सामान गुंडाळायच्या गोधड्यांत भरतो. काल काकूंनीच कातरून दिलं की."

"कुठल्या काकू, पोरी? ती कवाच गेली."

"चेष्टा करता व्हय? म्हणाल्या, एक चिंधी ह्यांच्या हाती लागू देऊ नका. आत शिवत बसल्यात, बोलावू का?"

आतलं शिलाई मशीन थांबलं. कुणीतरी दातांनी दोरा तोडला.

आबाजींनी तिच्या अस्थी अजून इंद्रायणीत सोडल्या नव्हत्या.