गिरणीतलं मांजर

वनमालाचं काळं मांजर रोज दुपारी पिठानं माखलेल्या पायांनी घरी यायचं. गावात गिरणी एकच, तीही तिच्याच नवऱ्याची. पण राधाकिशनला तर मांजराचा भारी तिटकारा. शिवाय माणूस घुमा. घरात दहा हाका माराव्या तेव्हा एक हुंकार. हे गौडबंगाल काय हाय ते बघायला आज ती मांजरामागं गिरणीत गेली. लाइट गेल्यानं गिरणी बंद, सगळं चिडीचूप. दाराकडं पाठ करून राधाकिशन मांजराला पोळी कुस्करून घालत होता आणि चक्क त्याच्याशी गप्पा मारत होता! "मांजराशी बोलाया बरं तोंड हाय तुमाला!" वनमाला मागून कडाडली. राधाकिशन आपला बोलतच राहिला. मान वळवली ती मांजरानं. ते कुठं बघतंय म्हणून त्यानं मागं पाहिलं. "कवा आलीस?" वनमाला त्याच्या पुढ्यात बसली. ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "आत्ताच."